महिरप, दस्तरखान आणि मेज

सणाच्या दिवशी ताटाभोवती रांगोळीची जी कमानदार नक्षी काढतात, तिला महिरप म्हणतात, हे मराठी घरात कुणाला सांगावं लागत नाही. बसायला पाट, समोर ताट, ताटाभोवती महिरप, शेजारी उदबत्ती आणि पंगतीच्या टोकाला समई. गणपतीच्या मखराला महिरप असते, जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यात खांबाखांबांमध्ये महिरपी असतात, आणि शाळेच्या गणितात साध्या कंसाबाहेर येतो तो महिरपी कंस. इतका हा शब्द आपल्या घरचा झाला आहे. मूळचा मात्र तो अरबी, मिहराब. मशिदीच्या भिंतीत मक्केची दिशा दाखवणारा जो कमानदार कोनाडा असतो, तो मिहराब.

मराठीत कविता लिहिणाऱ्या माणसाला शब्दांचं मूळगाव विचारत फिरण्याची खोड असते. मलाही ती आहे. मशिदीतली कमान पुरणपोळीच्या ताटाभोवती आली कशी? या एका प्रश्नामागे गेलं, की सणाच्या जेवणाच्या मांडणीचा सगळा इतिहास हळूहळू हाती लागतो. कुणी कुणाला किती मान दिला आणि कुणाला पंगतीबाहेर ठेवलं, हेही त्यातच कळतं. आणि तो इतिहास शोधायला फार लांब जावं लागत नाही. आपल्या नगरमध्येच तो पुष्कळसा सापडतो.

मलिक अहमद निजामशहानं बहामनी सत्ता झुगारली ती १४९० मध्ये. १४९४ मध्ये त्यानं आपल्या नावानं शहर वसवलं. त्याचं घराणं मूळचं पाथरीच्या ब्राह्मण कुळकर्ण्यांचं. म्हणजे या शहराच्या पायाभरणीतच दोन घरं एकत्र आली होती. पुढं इथं किल्ला दगडी झाला, बागा झाल्या, खापरी नळांनी लांबून पाणी आलं, आणि फराहबागेचा महाल तळ्याच्या मधोमध उभा राहिला. किल्ल्याजवळची दमडी मशीद साधारण १५६७-६८ मधली. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी मजुरीतली एकेक दमडी देऊन ती उभी केली, असं नगरची माणसं सांगत आली आहेत. मशीद लहानशी, पण तिचं दगडी कोरीव काम पाहत राहावं असं. अशा कमानी घडवणारे हात इथल्याच पाथरवटांचे होते. दगडातली कमान लाकडात उतरली, वाड्यात आली, देवघरावर बसली आणि शेवटी घरच्या बाईच्या चिमटीतून ताटाभोवती उमटली. ती पहिल्यांदा कुणी काढली, याची नोंद कुठल्या दप्तरात असायची? शब्द तेवढा साक्षीला राहिला.

कुराणात मिहराब हा शब्द बीबी मरियमच्या गोष्टीत येतो. मरियम मिहराबात उपासनेला बसे, आणि हजरत जकरिया तिथं जात तेव्हा तिच्यापुढं अन्न आलेलं दिसे. हे कुठून आलं, असं ते विचारत, तेव्हा ती अल्लाहकडे बोट दाखवी. आपल्या आजीला ही गोष्ट ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तरी तिनं महिरपेत अन्न ठेवलं, आणि बरोबर जागी ठेवलं असं मला वाटतं. कमान कुणाभोवती काढायची? तर ज्याला मान द्यायचा त्याच्याभोवती. महिरपेनं जेवणाऱ्या प्रत्येकाला त्याचा एक छोटा गाभारा दिला.

दुसरी मांडणी दस्तरखानाची. शब्द फारसी आहे, आणि अर्थ साधा: जेवणासाठी अंथरायचं कापड. पण या कापडाचा थाट मोठा होता. मलिक अहमद नगर वसवत होता त्याच सुमारास माळव्यात मांडूच्या दरबारी 'नेमतनामा' हे सचित्र पाकपुस्तक तयार होत होतं. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात पदार्थांबरोबर अत्तरं आहेत, विडे आहेत, म्हणजे जेवणाला लागणारा सुवाससुद्धा पाककलेचाच भाग मानला आहे. दख्खनचे कारागीरही मागं नव्हते. गोवळकोंड्याकडे कलमकारीची देखणी कापडं होत. बिदरमध्ये काळ्या धातूवर चांदीची नक्षी जडवून तबकं, सुरया, हात धुवायची भांडी घडत. ती कला आजही जिवंत आहे.

आमच्या घरी एवढा थाट कुठला! १९८० च्या आसपासची गोष्ट सांगतो. ईदच्या सकाळी नमाज आटोपून आम्ही घरी येईपर्यंत आईनं सतरंजीवर पांढरं दस्तरखान अंथरलेलं असे. कडेला तिनंच विणलेली क्रोशाची लेस. मधे शीरखुर्म्याचं मोठं पातेलं, भोवती काचेचे पेले, एका वाटीत चारोळी आणि पिस्त्याचे काप, तबकात खजूर. फुलं कापडावर नाही ठेवायची. गुलाबपाणी मात्र शिंपडायचं. सगळ्यांत धाकट्यानं तांब्या आणि चिलमची घेऊन मोठ्यांच्या हातावर पाणी घालायचं. दस्तरखानावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचं नाही. सगळ्यांचं होईपर्यंत ते उचलायचं नाही. उशिरा आलेला पाहुणा असला तर त्याच्यासाठी एकजण पुन्हा बसायचा, भूक नसली तरी. सजावटीचा हा नियम मला सगळ्यांत देखणा वाटतो.

महिरप एकेका माणसाला मान देते, दस्तरखान सगळ्यांना एका कापडाभोवती बसवतं. दोन्हींच्या मागची रीत एकच, की अन्न जमिनीवर उघडं ठेवायचं नाही आणि माणसाला नुसतंच बसवायचं नाही.

शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकानंतर फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. त्यात भोग्यवर्ग म्हणून एक प्रकरणच होतं. दरबारात नवे शब्द आले, कारभाराची भाषा बदलू लागली. पण स्वयंपाकघर आपल्या गतीनं चाललं. पेला, चमचा, तबक, सुरई, अत्तर, गुलाबदाणी हे शब्द तिथून कुणी हलवले नाहीत. पेशवाईत अत्तर, गुलाब आणि पानसुपारीशिवाय समारंभ पुरा होत नसे. १७८३ मध्ये पुण्यात सवाई माधवरावांचं लग्न झालं, त्याच्या व्यवस्थेसाठी नाना फडणीसांनी तपशीलवार यादी करवून घेतली होती. पुढं विसाव्या शतकात माधव जूलियन या नावानं कविता करणाऱ्या माधवराव पटवर्धनांनी १९२५ मध्ये 'फार्शी-मराठी कोश' दिला, तेव्हा आपल्या बोलण्यात हे पाहुणे किती मुरले आहेत, ते कागदावर आलं.

आता या चित्राची दुसरी बाजूही सांगायला हवी. महिरप कितीही सुंदर असली, तरी ती कुणाच्या ताटाभोवती काढायची हे जात ठरवत असे. पंगत एकाच जातीची, पाणी एकाच हातचं. आमच्या शेजारच्या काकू दिवाळीत आईला हाक मारत, "भाभी, फराळ घ्या हो!" आणि आई त्याच डब्यातून ईदला शेवया, सुका मेवा, साखर असा कोरडा शिधा पाठवी. "वहिनी, तुमच्या हातानं शिजवा," म्हणे. रिकामा डबा कधी परत गेला नाही. पण काकूंच्या सासूबाई होत्या तोवर दोन्ही घरं एका ओळीत जेवायला बसली नाहीत. नंतर बसली. आधी मुलं बसली, मग बायका, आणि सगळ्यांत शेवटी पुरुष.

या बाबतीत नगरला तिसऱ्या मांडणीनं पुष्कळ शिकवलं. ती मेजाची. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथं १८३१ मध्ये सुरू झालं. त्यांच्या बंगल्यांतून टेबल-खुर्ची आली, टेबलावर पांढरी चादर आली, मधोमध फुलदाणी आली. टेबलाला जमिनीचं सोवळं लागू पडत नाही. खुर्चीत बसलं की पाटावरची उतरंड विस्कटते. पण नुसतं लाकूड आणून माणूस बदलत नाही. रेव्हरंड टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यानंतर काही वर्षं लक्ष्मीबाई त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, पुन्हा एकत्र आल्या तरी आपलं सोवळं सांभाळत राहिल्या. ते सोवळं त्यांच्या मनातून कसं गळून पडलं, हे त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये इतक्या सरळपणे सांगितलंय, की जेवणाच्या इतिहासाचं याहून खरं पान मराठीत मला तरी ठाऊक नाही.

नगरच्या ख्रिस्ती घरांत नाताळला टेबल सजतं, तेव्हा केकशेजारी करंज्या, चकल्या आणि अनारसे असतात. लहानपणी मित्राकडे ते टेबल पाहिलं की मला पाचव्या सुऱ्याची आठवण होई. तिचं नावच 'अल-माइदा', म्हणजे अन्नानं मांडलेलं मेज. हजरत ईसांचे शिष्य आकाशातून अन्नाचं ताट मागतात, आणि ईसा प्रार्थना करतात की ते आमच्या पहिल्यांसाठी आणि शेवटच्यांसाठी ईद ठरो. कुराणात ईद हा शब्द या एकाच ठिकाणी आला आहे, आणि तोही मांडलेल्या जेवणासंदर्भात.

नगरच्या किल्ल्यानं आणखी एक मांडणी पाहिली. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे बारा नेते इथं आणून ठेवले गेले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव, गोविंद वल्लभ पंत, पट्टाभी सीतारामय्या. प्रांत निराळे, चवी निराळ्या. नेहरूंनी तिथल्या ओसाड जमिनीत फुलझाडं लावली. मौलाना पहाटे उठत, स्वतः चहा करत. मोगऱ्याच्या वासाचा चिनी चहा, दुधाशिवाय. त्याचं वर्णन त्यांनी 'गुबार-ए-खातिर'मधल्या पत्रांत फार प्रेमानं केलं आहे. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम वारल्या, तेव्हाही ते याच किल्ल्यात होते. ज्याच्यासमोर बसायला कुणी नाही, त्या माणसानंही आपला पेला नीट मांडावा, यात मला नुसती हौस दिसत नाही. कैदेतही स्वतःचा मान राखण्याची ती रीत होती.

आज आपल्या घरोघरी डायनिंग टेबल आहे. गुडघ्यांना ते बरं, म्हाताऱ्यांना सोयीचं. त्याच्याशी माझं भांडण नाही. कार्याला कॅटररवाले येतात, रंगीत झालरी लावतात, नॅपकिनचे मोर करतात. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली, तेव्हा पळसाच्या पत्रावळी पुन्हा आठवल्या. मांडणी बदलते, बदलायलाच हवी. शहरांची नावंही बदलतात. आमच्या नगरचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. अहिल्याबाई याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या. नाव कुठलंही घ्या, इथल्या सणाच्या ताटाभोवतीची नक्षी महिरपच राहणार आहे. ती पुसायची तर अर्धं स्वयंपाकघर बाहेर काढावं लागेल, पेल्यापासून गुलाबदाणीपर्यंत.

म्हणून येत्या सणाला टेबल सजवाल तेव्हा फुलं ठेवा, दिवा लावा, चादर अंथरा, आणि जमलं तर टेबलावरही चिमूटभर रांगोळीची महिरप काढा. मात्र घरातल्यांची पानं मोजून झाली की आणखी एक पान मांडा. ते कुणासाठी, हे आधी ठरवू नका. दारावर जो येईल, त्याच्यासाठी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)