युरोप आणि माळवद

पिशोरात डिसेंबर लागला की दोन गोष्टी हमखास होतात. शेतात हुरडा तयार होतो आणि आमच्या घरात युरोपचा विषय निघतो. हुरडा महिन्याभरात संपतो. युरोप गेली एकवीस वर्षं संपलेला नाही.

याला जबाबदार मीच. लग्न ठरलं तेव्हा मी बँकेत नुकताच चिकटलो होतो आणि नव्या नोकरदाराला जगाचा नकाशा फार लहान दिसतो. त्या भरात मी हिला म्हणून गेलो, "एकदा हिवाळ्यात तुला युरोपातलं जुनं शहर दाखवीन." तारीख मात्र घातली नाही. मुदत न घातलेली वचनचिठ्ठी मागताक्षणी देय होते, हे बी.कॉम. झालेल्या माणसाला तरी माहीत असायला हवं होतं.

परवाच्या डिसेंबरात सौ.ने मागणी केलीच. मी एल.एफ.सी.चे नियम पुढे केले. त्यात देशाची हद्द ओलांडता येत नाही.

"मग हद्दीच्या आतला युरोप दाखवा," ती म्हणाली.

मला एक पोर्तुगीज म्हण आठवली : ज्याने गोवा पाहिला, त्याला लिस्बन पाहायची गरज नाही. ही म्हण ज्याने काढली तो बहुधा माझ्यासारखाच कारकून असावा. तिकिटं काढली.

निघायच्या आदल्या रात्री मी दुसरा एक विषय काढला. आमचं पिशोरातलं घर वडिलांच्या वेळचं, माळवदाचं. दर मे महिन्यात वर पांढरी माती टाकायची, चोपायची, नाहीतर मृगात घरातल्या घरात छत्री. हा उद्योग सगळा सौ.कडे. माझं म्हणणं, शहरात छानपैकी फ्लॅट घ्यावा आणि इथे कुलूप लावावं. "घर काय कुठे पळून जातंय?" असं मी म्हणालो. ती काही बोलली नाही. बॅग भरत राहिली.

बॅगेत काय भरलं ते करमळी स्टेशनावर कळलं. युरोप म्हणजे थंडी, या हिशेबाने तिने गाडीतच मला स्वेटर आणि कानटोपी चढवली होती. घामाने निथळत बाहेर आलो तर रिक्षावाल्याने काळजीने विचारलं, "काकांना बरं नाही का?"

जुने गोवे तिथून जवळच. आल्बुकर्कने हे शहर आदिलशहाकडून एकाच वर्षात दोनदा घेतलं. पहिल्यांदा घेतलेलं टिकलं नाही, सोडून पळावं लागलं. २५ नोव्हेंबर १५१० ला घेतलं ते टिकलं. मग पोर्तुगिजांच्या पूर्वेकडच्या साऱ्या कारभाराची ही राजधानी झाली. से कॅथेड्रलचं काम १५६२ मध्ये सुरू झालं आणि १६१९ मध्ये संपलं. सत्तावन्न वर्षं! आमच्याकडच्या रस्त्यांविषयी माझं मत तिथेच थोडं निवळलं. या कॅथेड्रलला मनोरा एकच.

"दुसरा कुठाय?" सौ.

"१७७६ मध्ये पडला."

"आणि अजून बांधला नाही?"

"निविदा निघाली असेल."

याच चौकालगत इन्क्विझिशनचं धर्मन्यायालय होतं. ते १५६० मध्ये आलं आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. तिथे मात्र मला विनोद सुचला नाही. सुचू नयेच.

समोर बॉम जेझूसचं चर्च. १६०५ चं. आत चांदीच्या पेटीत सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शव आहे. आम्ही सकाळीच गेलो होतो. एक बाई खाली मान घालून फरशी झाडत होती. सौ. पेटीऐवजी तिच्याकडेच बघत उभी राहिली.

मी इतिहास सांगत होतो. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजीराजे नदीपलीकडच्या जुवे बेटापर्यंत येऊन धडकले. व्हाइसरॉय सामना करायला गेला आणि कसाबसा जीव वाचवून परतला. शेवटी तो या पेटीपाशी आला, आपला अधिकारदंड संतांच्या चरणी ठेवला आणि म्हणाला की आता तुम्हीच सांभाळा. रोकड जुळेना की चार्ज दुसऱ्याच्या गळ्यात घालणारे मी पाहिले आहेत. पण १३१ वर्षांपूर्वी निवर्तलेल्यांना चार्ज दिल्याचं हे एकच उदाहरण. पुढे मोगलांची फौज कोकणात उतरू लागली म्हणून मराठे मागे फिरले. फौजेबरोबर होता शाहआलम, औरंगजेबाचा मुलगा. आता बघा : ज्यांचं नाव आज आमच्या जिल्ह्याला आहे ते चालून आले, आणि ज्याच्या मुलामुळे परतले त्याची कबर आमच्याच खुलताबादेत. माणूस एवढा लांब जातो आणि भेटतात ती जिल्ह्यातलीच मंडळी!

"मग हे शहर घेतलं कोणी?" सौ.ने विचारलं. "माणसं कुठायत?"

कोणीच घेतलं नाही. डचांनी समुद्रावर नाकेबंदी करून व्यापाराची कंबर मोडली हे खरं, पण शहर रिकामं केलं ते पाण्याने. जांभ्याची सच्छिद्र जमीन; घाण मुरत मुरत विहिरींत उतरली. पटकी आली, हिवताप आला. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने बिऱ्हाड पणजीला हलवलं, १८४३ मध्ये राजधानीही रीतसर तिकडे गेली. नवी घरं बांधायला लोकांनी जुन्या घरांचे दगडसुद्धा नेले.

दुपारी टेकडीवर गेलो. तिथे सेंट ऑगस्टिनचा मनोरा उभा आहे, म्हणजे अर्धा उभा आहे. जांभ्याचा, ४६ मीटर उंच. बाकी चर्चला छप्पर नाही. आभाळाखाली नुसत्या भिंती आणि फरशीवर थडग्यांचे दगड. घंटा मात्र शाबूत आहे. १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये वाजते.

"हे पाडलं कोणी? संभाजीराजांनी?"

"छे. कोणीच नाही. १८३५ मध्ये सरकारने मठ बंद केले, साधू निघून गेले. १८४२ मध्ये छत कोसळलं. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा."

तिने बोटांवर मोजलं.

"सात वर्षं," ती म्हणाली. "एवढं दगडाचं, पण सातच वर्षं. तिकडे झाडणारी बाई होती."

पुढे काही बोलली नाही. एकवीस वर्षांच्या संसारात मला एवढं कळतं, की ही गप्प बसली म्हणजे निकाल लागलेला असतो. आमचं घर तर मातीचं! मी मनातल्या मनात हिशेब केला आणि फ्लॅटची शिल्लक शून्यावर आणली. तोफांना पुरून उरलेलं शहर कोणी राहिलं नाही म्हणून पडतं. मग पिशोरच्या माळवदाची काय कथा?

गेल्या मे महिन्यात पांढऱ्या मातीची घमेली मी स्वतः शिडीवरून वर चढवली. कंबर चार दिवस धरली होती, पण यंदा मृगात छत्री बाहेरच वापरली.

वचनचिठ्ठी वटली का, असं मी हिला विचारून पाहिलं. "अर्धीच," ती म्हणाली. "लिस्बनला घरांवर माती कोण टाकतं, ते एकदा बघून यायचंय."

कानटोप्या तिने धुऊन जपून ठेवल्या आहेत.