सीसी, वॅट आणि मुलाचं वय

गिरीज, गास, भुईगाव या वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या गावांचे अंतर्गत रस्ते कुणी वाहनांसाठी आखलेले नाहीत. ते वाड्यांच्या कडेने, वहिवाटीने पडलेले आहेत. केळी, पानवेल, भाजी आणि फुलांचा माल बैलगाडीतून किंवा डोक्यावरच्या पाटीतून निघायचा, आणि रस्ता तेवढाच रुंद लागायचा. १८६० च्या दशकात रेल्वे आली, पण स्टेशन काही किलोमीटर पूर्वेला राहिलं. ते अंतर तोडायला सायकल आली, एसटी आली, शेवटी घरोघरी दुचाकी आली. वाहन बदलत गेलं, कुंपणांमधली वाट फारशी रुंदावली नाही. आता त्याच वाटेवर बॅटरीवरची स्कूटर आहे, आणि हँडलवरचे हात कधी कधी आठवी-नववीतल्या मुलाचे असतात. हे बेकायदा आहे का? उत्तर मुलाच्या वयावर नव्हे, मोटरच्या ताकदीवर ठरतं. मूळ चूक इथे आहे, आणि ती बरीच जुनी आहे.

सायकलीच्या काळात नियम साधे होते. नगरपालिका कर घेऊन पितळी बिल्ला द्यायची; १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानेही पंचायतींना सायकलीवर कर बसवण्याचा अधिकार दिला. रात्री दिवा नसेल किंवा कुणी डबलसीट असेल, तर पोलीस अडवायचे. बिल्ला ही कराची पावती होती, सुरक्षेची हमी नव्हे, हे मान्य. तरीही रस्त्यावर आलेल्या चाकाचं उत्तरदायित्व कुणाचं, हे त्यातून ठरायचं. मोटारीबाबत तर १९३९ चा कायदा स्पष्ट होता: अठरा वर्षांखालील कुणीही सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवायचं नाही. पुढे, १९७२ मध्ये, पुण्याच्या कायनेटिकची ५० सीसीची लूना आली आणि मोपेड मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली. १९८८ च्या कायद्याने बिनगियरच्या दुचाकीसाठी सोळाव्या वर्षाची सवलत ठेवली. १९९४ च्या दुरुस्तीने तिला ५० सीसीचं माप लावलं. पण बाजार त्या मापात थांबला नाही. सुमारे साठ सीसीची स्कूटी आली, मग शंभराच्या पुढच्या बिनगियरच्या गाड्या आल्या. कागदावर सवलत राहिली आणि रस्त्यावरून तिच्यात बसणारी गाडीच नाहीशी होत गेली. सोळा वर्षांच्या मुलांनी घरातली मोठी गाडी काढली, ती या पोकळीत.

विजेच्या गाड्यांसाठी सीसीच्या जागी वॅट आले, विचार तोच राहिला. मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर केंद्रीय नियमांनुसार ती गाडी मोटार वाहनच ठरत नाही. त्यामुळे नोंदणी नाही, लायसन नाही, हेल्मेटची सक्ती नाही. पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर मात्र हवा. सायकलीच्या दिव्याची तेवढी आठवण उरली आहे. ही गाडी सायकलीइतकीच सावकाश चालते, मग मुलांना अडवायचं कशाला, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास सात मीटर. वाडीच्या कोपऱ्यावर समोरचं दिसून ब्रेक दाबेपर्यंत एवढं अंतर सहज संपतं. सायकलीचा वेग पायांच्या दमावर असतो. इथे मनगट पिळलं की मिळतो. गाडी वजनाने कितीतरी जड, आणि आवाज जवळजवळ नाहीच, म्हणून डोक्यावर भारा घेतलेल्या आजींना ती मागून येतेय हे कळतही नाही. शिवाय २५ ची मर्यादा कारखान्यातून निघाल्यावर टिकतेच असं नाही: अशा गाड्यांत परस्पर फेरफार करून वेग वाढवला जातो म्हणून राज्याच्या परिवहन विभागाला २०२२ मध्ये कारवाई हाती घ्यावी लागली.

मुलाच्या हाती गाडी दिली तर पालक किंवा मालक दोषी, हे २०१९ च्या दुरुस्तीने ठरवलं: तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, बारा महिने नोंदणी रद्द आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण जीव गेले, तेव्हा हे कलम घराघरांत पोचलं. पण जी गाडी व्याख्येनुसार मोटार वाहन नाही, तिला ते लागू होत नाही. पालकांची जबाबदारी जिथे सर्वांत सहज सुटते, नेमकी तीच गाडी मुलाला घेऊन दिली जाते.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: बस वेळेवर नसेल तर मुलांनी जायचं कसं? एसटीने वसईतले मार्ग सोडायचं ठरवलं तेव्हा विद्यार्थ्यांच्या वतीने उच्च न्यायालयात जावं लागलं होतं, हे या पट्ट्यातले लोक विसरलेले नाहीत. म्हणून नुसत्या बंदीची मागणी मी करणार नाही. केंद्राने या वॅटच्या वर्गाला किमान वय आणि हेल्मेट या दोन अटी जोडाव्यात. महापालिकेने शाळेच्या वेळेला गावांतून बस सोडावी आणि आंधळ्या वळणांवर आरसे लावावेत. आणि गिरीजच्या आईवडिलांनी कायदा बदलेपर्यंत थांबू नये: सोळा वर्षं पूर्ण होईपर्यंत बॅटरीवरच्या स्कूटरची चावी मुलाला देऊ नये, आणि नंतरही हेल्मेटशिवाय देऊ नये.