अर्ध्या तासाची सुट्टी आणि वडापाव

१८८४च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या गिरणी कामगारांनी परळला सभा भरवून आपल्या मागण्यांचा अर्ज तयार केला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. रविवारची सुट्टी, वेळेवर पगार, अपघात झाल्यास भरपाई या मागण्यांत एक मागणी आज फार लहान वाटते: दुपारी अर्धा तास काम थांबावे. १८९१च्या कारखाना कायद्याने ती मान्य केली. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबणाऱ्या माणसाला दुपारी बसून चार घास खाण्याचा हक्क मिळवायला सात वर्षे लागली. आपल्याकडच्या फास्ट फूडचा इतिहास मला येथून सुरू करावासा वाटतो. तो चवीचा आहेच, पण त्याआधी वेळेचा आहे.

फास्ट फूड म्हटले की आपले बोट बर्गर-पिझ्झाकडे जाते. परंतु मॅकडोनाल्ड्सचे वांद्र्याचे दुकान उघडले १९९६ साली. तोवर मुंबईला उभ्याउभ्या, कागदात गुंडाळून खाण्याची सवय लागून एक पिढी उलटली होती.

त्याआधी कामगार जेवत होता खानावळीत. कोकणातून, साताऱ्याकडून आलेला गडी बायकामुलांना गावी ठेवून चाळीतल्या एका खोलीत दहा-बारा जणांसोबत राही. शेजारच्या एखाद्या घरी त्याचे महिन्याचे जेवण बांधलेले असे. भाकरी किंवा चपाती, भाजी, आमटी, भात, आणि वाराप्रमाणे मासळी किंवा मटण. पैसे पगाराला. या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरू नये. महिनाभराची उधारी त्या बाईच्या अंगावर असे. वाणसामानासाठी ती चढ्या व्याजाने कर्ज काढी आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत चुलीपुढे बसे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कुठे त्यांच्या कामाला काम म्हणून ओळख मिळाली. कामगाराचे सकस जेवण स्वस्त होते, कारण त्यामागचे बाईचे तास कोणी मोजत नव्हते.

वडापावाचे श्रेय साधारणपणे अशोक वैद्य यांना दिले जाते. १९६६च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर त्यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असे सांगतात. जागा अचूक होती. मध्य आणि पश्चिम रेल्वे दादरला भेटतात. गाडी बदलणाऱ्या माणसाजवळ पाच मिनिटे असतात आणि एकच हात मोकळा असतो. बटाटा आणि पाव हे दोन्ही शब्द आपल्याला पोर्तुगिजांकडून मिळाले. त्यांना बेसनाचे आवरण आणि लसणाची सुकी चटणी जोडून झालेल्या या पदार्थाला ताट लागत नाही, बसायला जागा लागत नाही, पगाराची वाट पाहणारी उधारी लागत नाही. भूक मात्र भागते. पुढे मराठी तरुणांच्या रोजगाराच्या राजकारणानेही त्याला हात दिला आणि तो शहराची ओळख झाला.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतले असंख्य पुन्हा कधीच आत गेले नाहीत. खानावळींचे गिऱ्हाईक तुटले. अनेक कामगारांच्या घरांनी कढई रस्त्यावर आणली. काल जो खाणारा होता, तो आज तळणारा झाला. वडापावाच्या गाडीने त्या काळात किती चुली पेटत्या ठेवल्या, हे गिरणगावातल्या जुन्या माणसांना वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून आरोग्याच्या नावाने या गाडीला नुसती नावे ठेवणे मला पटत नाही.

तरीही शरीर आपला हिशेब ठेवतेच. पाव मैद्याचा, आत बटाटा, वर तळण: पिष्ट आणि तेल भरपूर, प्रथिने व चोथा बेताचा. १९९४ साली पामोलिनची आयात खुली झाली आणि तळणाचे तेल स्वस्त झाले. आज देशाच्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते आणि त्यात सर्वांत मोठा वाटा पामतेलाचा आहे. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात घातक संयुगे वाढतात. ती पंचवीस टक्क्यांवर गेली की तेल टाकून द्यावे, असा नियम जुलै २०१८पासून आहे. पण हातगाडीवर ते मोजणार कशाने?

या अन्नाची गाठ पडते ती पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या देहाशी. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळे सरासरी २.७ किलोंची, तिकडची ३.५ किलोंची. आपल्या बाळांत स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने राखलेली. दिसायला बारीक, आतून चरबीदार अशा या देहाला स्वस्त उष्मांक लवकर बाधतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या १०.१ कोटी सांगितली. तिचे कारण एकटा वडापाव नाही. बैठे काम, कमी झोप, वाढते वय सगळेच त्यात आहे. पण घाईत, एकाच चवीच्या आणि एकाच धाटणीच्या अन्नावर दिवस काढणे त्यात नक्कीच आहे.

१९४८च्या कारखाना कायद्याने पाच तासांच्या आत अर्ध्या तासाची विश्रांती आणि अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृह बंधनकारक केले. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. काम लहान गाळ्यांत, रखवालीच्या खुर्चीत, दुचाकीच्या सीटवर विखुरले, आणि त्यातले बरेचसे या कलमांच्या बाहेर राहिले. दुसऱ्याचे गरम जेवण घाईने पोहोचवणारा तरुण स्वतः गाडीपाशी उभा राहून वडापाव खातो. त्याला ‘बाहेरचे खाऊ नको’ असे सांगणे सोपे आहे. लोखंडे यांनी मालकांकडे मागितलेला अर्धा तास त्याच्यासाठी कोणाकडे मागायचा, हे मात्र अजून ठरायचे आहे.