सहा टोकांचा तारा : मोहर, ढाल आणि बिल्ला

सहा टोकांचा तारा दिसला की आपल्या समाजात बहुतेकांच्या तोंडून एकच उद्गार निघतो, ‘हा तर यहुद्यांचा तारा!’ ७ ऑक्टोबर २०२३ चा हमासचा हल्ला आणि त्यानंतर गाझावर कोसळलेले युद्ध यांनी हे समीकरण अधिकच घट्ट केले. उद्ध्वस्त घरांची आणि कफनात गुंडाळलेल्या लेकरांची छायाचित्रे पाहणाऱ्याला इस्रायलच्या झेंड्यावरचा ताराच तेवढा आठवला, तर नवल नाही. परंतु तोच आकार एखाद्या जुन्या मशिदीच्या किंवा मकबऱ्याच्या नक्षीत दिसला की ‘हे आपल्यात कुठून आले?’ अशी शंका मनात येते. ही शंका इतिहासाच्या अज्ञानातून येते. म्हणून या ताऱ्याचा प्रवास थोडक्यात मांडावा असे आम्हाला वाटते.

मुळात हा आकार कोणा एका धर्माने शोधलेला नाही. कंपासने एक वर्तुळ काढा. कंपास तेवढाच उघडा ठेवून परिघावर खुणा करत गेलात, तर बरोबर सहा खुणा होतात. एक सोडून एक खूण जोडली की दोन त्रिकोण एकमेकांत गुंततात आणि तारा तयार होतो. जगातल्या कोणत्याही गवंड्याला, सुताराला किंवा पाथरवटाला हे साधते. आपल्याकडे ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या मुलीच्या बोटांतूनही तो सहज उमटतो. हिंदू परंपरेत याला षट्कोण म्हणतात. वर टोक असलेला त्रिकोण शिवाचा आणि खाली टोक असलेला शक्तीचा, असा त्याचा अर्थ लावला जातो. तंत्रमार्गातल्या यंत्रांत तो आढळतो.

मुस्लिम जगात हा तारा शतकानुशतके वावरला. दिल्लीला हुमायूनच्या मकबऱ्यासमोर उभे राहिले, तर लाल दगडाच्या कमानींच्या दोन्ही अंगांना संगमरवरात जडवलेले सहा टोकांचे तारे दिसतात. हा मकबरा सोळाव्या शतकातला. दिल्लीच्याच पुराना किल्ल्याच्या दरवाजांवरही हे तारे आहेत. उस्मानी आरमाराचा सरदार खैरुद्दीन बार्बारोसा १५४६ मध्ये वारला. त्याचे म्हणून इस्तंबूलच्या संग्रहालयात जपलेले जे निशाण आहे, त्यावर चार खलिफांची नावे आहेत, जुल्फिकार तलवार आहे आणि सहा टोकांचा ताराही आहे. मोरोक्कोच्या सुलतानांनी एकोणिसाव्या शतकात पाडलेल्या तांब्याच्या नाण्यांवर तोच तारा होता. त्या देशाच्या झेंड्यावर पाच टोकांचा हिरवा तारा १९१५ मध्ये आला.

आपल्या लोकांत या आकाराला ‘मोहर-ए-सुलेमानी’ म्हणत. हजरत सुलेमान यांच्या अंगठीवर ही मोहर होती आणि तिच्या बळावर जिन्नात त्यांच्या ताब्यात होते, अशी ही लोककथा. म्हणून तावीज, कटोरे, हत्यारे यांवर ती कोरली गेली. जिन्नात सुलेमान यांच्या हुकमात होते असे कुरआन सांगतो, पण ती अल्लाहची देणगी म्हणून. तिथे ना अंगठीची गोष्ट आहे, ना ताऱ्याची. तेव्हा तावीजातल्या ताऱ्यात संरक्षणाची शक्ती मानणे जसे निराधार, तसेच त्याला पाहून दचकणेही निराधारच.

आता यहुद्यांकडे वळू. बायबलमध्ये किंवा तालमूदमध्येही या ताऱ्याला धर्मचिन्हाचा दर्जा दिलेला नाही. त्यांचे जुने धार्मिक चिन्ह म्हणजे सात फाट्यांची समई, मेनोरा. गॅलिली सरोवराकाठच्या कफरनहूमच्या प्राचीन सिनेगॉगमध्ये दगडी पट्टीवर सहा टोकांचा तारा आहे, पण जवळच पाच टोकांचा तारा आणि स्वस्तिकही आहे. म्हणजे ही सारी नक्षीच होती. १००८ च्या सुमारास मुस्लिम अमलाखालच्या कैरोत लिहून पूर्ण झालेल्या हिब्रू बायबलच्या प्रसिद्ध हस्तलिखितात एक पूर्ण पान या ताऱ्याने सजवलेले आहे. एकाच शहरातले मुसलमान आणि यहुदी कारागीर एकाच घडणीची नक्षी काढत होते.

पुढे युरोपात या ताऱ्याला ‘मागेन दावीद’, म्हणजे हजरत दाऊद यांची ढाल, हे नाव रूढ झाले. आपल्याला हे नाव परके वाटू नये. दाऊद यांना चिलखत घडवण्याची कला अल्लाहने शिकवली, हे कुरआनाचेच सांगणे आहे. यहुद्यांचे सार्वत्रिक चिन्ह म्हणून त्याचा प्रसार मात्र मुख्यतः एकोणिसाव्या शतकातला. १८९७ मध्ये बाझेलला झायनिस्ट परिषद भरली आणि त्या चळवळीने हा तारा निशाणावर घेतला. २८ ऑक्टोबर १९४८ रोजी तो इस्रायलचा राष्ट्रध्वज झाला.

आमच्या वारंगा फाट्यावर नांदेडहून येणारा रस्ता दुभंगतो. एक हिंगोलीवरून अकोल्याकडे जातो, दुसरा हदगाव-उमरखेडवरून नागपूरकडे. नागपूरला पोचलेल्या माणसाने ‘हा रस्ता फक्त नागपूरचाच’ असे म्हटले, तर आपण हसू. ताऱ्याच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच म्हणतो.

या ताऱ्याच्या इतिहासातले सर्वांत काळे पान युरोपातले. सप्टेंबर १९४१ मध्ये नाझी सरकारने फर्मान काढले, की सहा वर्षांवरील प्रत्येक ज्यूने छातीवर पिवळा तारा शिवून घेतला पाहिजे. त्यावर ‘ज्यू’ असा शब्द होता. ढाल म्हणून मिरवलेले चिन्ह माणसे हेरण्याचा बिल्ला झाले. त्याच बिल्ल्यानिशी लाखो माणसे मृत्युछावण्यांत नेली गेली. इथे एक कटू गोष्ट आपणही कबूल केली पाहिजे. माणसाला कपड्यावरून वेगळे काढण्याची कल्पना नाझींची नव्हे. ८५० मध्ये अब्बासी खलिफा मुतवक्किल याने यहुदी आणि ख्रिस्ती प्रजेला मधाच्या रंगाची वस्त्रे वापरण्याचा हुकूम दिला होता. १२१५ मध्ये रोमच्या धर्मसभेने यहुदी आणि मुसलमान, दोघांनाही वेगळा पोशाख सक्तीचा केला. या इतिहासात कधी आपण हुकूम देणाऱ्यांत होतो, कधी सोसणाऱ्यांत. टोपी, दाढी, बुरखा पाहून माणसाची पारख करणाऱ्या नजरा ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे असेही नाही. कोकणातले बेने इस्रायल हे मराठी बोलणारे यहुदी. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. दिवेकर, केहीमकर, पेणकर अशी त्यांची आडनावे गावांवरून पडली. हजरत इलियास, ज्यांना ते एलियाहू हन्नाबी म्हणतात, त्यांच्या नावाने ते मलिदा करतात. हा शब्द आपल्या दर्ग्यांवरही तोच आहे. सिनेगॉगला ते ‘मशीद’ म्हणत. सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत बांधलेली ती ‘जुनी मशीद’ आणि तिच्यावरूनच मस्जिद स्टेशनचे नाव पडले, असे सांगितले जाते. १९४८ नंतर यांतली बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली, तरी मराठी त्यांनी तिथेही जपली.

बगदादच्या दाऊद पाशाच्या जुलमाला कंटाळून निघालेले डेव्हिड ससून १८३२ मध्ये मुंबईत आले. मुस्लिम सुभेदाराने छळलेल्या या माणसाने भायखळ्याला, आपल्या नागपाड्याच्या शेजारी, सिनेगॉग बांधले. त्याचे नावच ‘मागेन डेव्हिड’. त्याच्या आवारात ससून घराण्याच्या नावाच्या शाळा आहेत आणि तिथे शिकणारी बहुसंख्य मुले मुस्लिम. सकाळी आपल्या मुली दप्तर घेऊन त्या आवारात जातात. त्यांच्या ईमानाला त्याने कधी धक्का लागलेला नाही.

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणाऱ्यांनी नरिमन हाऊसमध्ये रब्बी गॅव्रिएल होल्त्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि आणखी चार यहुद्यांना ठार मारले. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा देण्यास जामा मशीद ट्रस्टने नकार दिला. इस्लामच्या नावाने निरपराधांना मारणारे आमचे नव्हेत, हे त्या नकारातून मुंबईच्या मुसलमानांनी जगाला सांगितले.

गाझाच्या लेकरांसाठी आपण जरूर दुआ करावी, आणि जुलूम करणाऱ्या सरकारचा निषेधही करावा. पण तो सरकारचा, त्याच्या धोरणाचा. हुमायूनच्या कमानीतला तारा घडवणाऱ्या कारागिराचा त्या धोरणाशी संबंध नाही, आणि अलिबागच्या एखाद्या खेड्यात शब्बाथचा दिवा लावणाऱ्या म्हातारीचाही नाही. एखाद्या सत्तेच्या कृत्याचा जाब तिच्या चिन्हाला किंवा धर्मबांधवांना विचारायचा, हाच न्याय उद्या चंद्रकोरीला लावला गेला, तर आपण काय उत्तर देणार?