नाईलचे कालवे आणि बेंबीजवळचे छिद्र

पित्ताशयातील खड्यांसाठी दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया आज आपल्या परिचयाची आहे. बेंबीजवळ एक लहानसे छिद्र, त्यातून आत जाणारा कॅमेरा, आणखी दोन-तीन छिद्रे, आणि रुग्ण बहुधा दुसऱ्या दिवशी घरी. परंतु नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील एखाद्या वृद्ध शेतकऱ्याच्या बाबतीत बेंबीजवळचे ते पहिलेच छिद्र पाडताना शल्यविशारदाचा हात थबकतो. त्या ठिकाणी त्वचेखाली फुगलेल्या शिरांचे जाळे असण्याचा संभव असतो. त्या तिथे कशा आल्या, हे सांगणारा हा थ्रेड आहे, आणि त्याचा आरंभ रुग्णालयात नव्हे, कापसाच्या शेतात होतो.

इजिप्तची प्राचीन शेती पुरावर चालत असे. वर्षातून एकदा नाईलचे पाणी शेतात पसरे, गाळ टाकून ओसरे, आणि मग कित्येक महिने जमीन कोरडी राही. त्या कोरड्या काळात पाण्यातल्या गोगलगायी मोठ्या संख्येने मरत. १८२० च्या दशकात मुहम्मद अली पाशाने लांब धाग्याच्या कापसाची लागवड हाती घेतली. हे पीक उन्हाळ्यात पाणी मागते. म्हणून बारमाही कालवे खोदले गेले, आणि तेही वेठबिगारीने. पुढे अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाचे भाव गगनाला भिडले. आपल्या वऱ्हाडाला ज्या तेजीने झपाटले, तीच ही तेजी. १९०२ मध्ये अस्वानचे पहिले धरण पूर्ण झाले आणि बारमाही पाण्याचा विस्तार होत राहिला. गोगलगायींना आता मरणाचा ऋतूच उरला नाही.

गोगलगायींचे एवढे महत्त्व का? १८५१ मध्ये कैरोच्या कस्र अल-ऐनी रुग्णालयात थिओडोर बिल्हार्झ हा जर्मन वैद्य शवविच्छेदन करीत असताना त्याला आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेत पांढुरके कृमी आढळले. त्याचे वय तेव्हा सव्वीस. (माझ्या वयाच्या माणसाने हे वाक्य लिहिताना जरा खजील व्हावे, हे ओघाने आलेच.) त्याच्याच नावावरून या रोगाला बिल्हार्झिया म्हणतात. हा कृमी माणसात शिरतो तरी कसा, हे कोडे मात्र इजिप्तपुरते १९१५ मध्ये रॉबर्ट लायपरने उलगडले. कृमीची अळी गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत वाढते, बाहेर पडून पाण्यात पोहते आणि कालव्यात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीतून सरळ आत शिरते. पाणी पिण्याचीही गरज नाही. पाय ओले होणे पुरेसे.

या कृमीच्या दोन जाती इजिप्तमध्ये आहेत. एक मूत्राशय पोखरते, दुसरी आतड्यांभोवतीच्या शिरांत राहते आणि तिची अंडी रक्ताबरोबर यकृतात वाहून जातात. आपल्या कथेत दुसरी महत्त्वाची. (पहिल्या जातीशी महाराष्ट्राचा एक अनपेक्षित संबंध आहे: १९५२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावात मूत्राशयाच्या बिल्हार्झियाचे रुग्ण आढळले होते. त्यावर स्वतंत्र थ्रेड होईल.)

यकृतात अडकलेल्या अंड्यांभोवती शरीर वण निर्माण करते. १९०४ मध्ये कैरोतील विकृतिशास्त्रज्ञ सिमर्स याने अशा यकृताचे वर्णन करताना उपमा दिली ती तंबाखू ओढण्याच्या पांढऱ्या मातीच्या नळ्यांची. कापलेल्या यकृतात जणू त्या नळ्या आरपार खुपसल्या आहेत! येथे थोडे थांबू, कारण पुढचे सारे यावर अवलंबून आहे. हे वण रक्तवाहिन्यांभोवती असतात. यकृताच्या पेशी बऱ्याच काळापर्यंत शाबूत राहतात. म्हणजे रक्त गोठवणारी द्रव्ये तयार होत राहतात, पण रक्ताची वाट मात्र अडते. तुंबलेले रक्त आडवाटा शोधते: अन्ननलिकेभोवती, पित्ताशयाच्या परिसरात, बेंबीभोवती. पाणथरी सुजून मोठी होते, प्लेटलेट गिळून टाकते. तांबड्या पेशींचा नाशही वाढतो आणि त्यातून पित्तखडे होण्यास वाव मिळतो.

एवढ्यावरच भागले असते तर शल्यविशारदापुढचा प्रश्न सोपा होता. पण उपचारानेच दुसरा रोग आणला. १९१८ मध्ये खार्टूममधील क्रिस्टोफरसनने अँटिमनीचे क्षार शिरेतून टोचून बिल्हार्झिया बरा होतो असे दाखवले. १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत इजिप्तच्या शासनाने खेडोपाडी हीच इंजेक्शने दिली, एकेका माणसाला डझनभर किंवा अधिक. काचेच्या पिचकाऱ्या पुन्हा पुन्हा वापरल्या जात, नीट उकळल्या जात नसत. हेपटायटिस सी चा विषाणू ओळखला गेला तो १९८९ मध्ये. तोवर तो लक्षावधी शरीरांत पोहोचला होता. २००८ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ५९ वयोगटातील १४.७ टक्के लोकांच्या रक्तात त्याच्या संसर्गाची खूण सापडली. या विषाणूने होणारा सिरोसिस यकृताच्या पेशीच नष्ट करतो. एकाच माणसाच्या यकृतात अशा रीतीने दोन इतिहास नांदू लागले: एक कालव्याचा, दुसरा पिचकारीचा.

मी या मोहिमेला सरसकट दोष देणार नाही. गोळीने बरे करणारे प्रॅझिक्वांटेल येईपर्यंत हातात होते ते हेच औषध, आणि बिल्हार्झियाने माणसे मरतच होती. पण पिचकाऱ्या नीट उकळणे तेव्हाच्या ज्ञानाच्या आवाक्याबाहेरचे नव्हते, हेही खरे.

इकडे १२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीतील एरिक म्यूहे याने दुर्बिणीतून पहिले पित्ताशय काढले होते. १९९० मध्ये मुंबईत डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी ही शस्त्रक्रिया भारतात आणली. परंतु सप्टेंबर १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञ-परिषदेने अंतिम अवस्थेतील सिरोसिसचे रुग्ण सामान्यतः या पद्धतीस अपात्र मानले. अशा रुग्णांचे पोट उघडून केलेली शस्त्रक्रियाही घातक ठरत होती, तेव्हा ही सावधगिरी समजण्यासारखी आहे. मात्र इजिप्तमधील शल्यविशारदांना रोगट यकृत हा अपवाद म्हणून बाजूला ठेवणे परवडणारे नव्हते. त्यांच्या वॉर्डात तो नित्याचा रुग्ण होता.

आणि त्यांच्या लक्षात आले की मोठी जखमच अधिक धोक्याची आहे: तिच्यातून रक्त झिरपते, पोटातले पाणी गळते, ती चिघळते. मन्सुरा येथून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात सिरोसिसच्या रुग्णांसाठी दुर्बिणीची पद्धत उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरली. तंत्रात बदल करावे लागले ते असे: पहिले छिद्र फुगलेल्या शिरांपासून दूर सरकवायचे आणि सुई आंधळेपणाने न खुपसता थर डोळ्यांनी पाहत उघडायचे. कडक यकृत वर उचलले जात नसेल तर ओढाताण करायची नाही. पित्ताशयाची मागची भिंत यकृतापासून सुटत नसेल, तर ती तिथेच राहू द्यायची आणि उरलेले काढून घ्यायचे. वेळ आलीच तर पोट उघडायला संकोच करायचा नाही.

आधी मात्र एक गोष्ट पाहावी लागते: समोरचे यकृत वण पडलेले पण कार्यक्षम आहे, की आतून खचलेले. पहिल्या प्रकारात बहुतेक भीती रक्तस्रावाची, दुसऱ्यात यकृतच निकामी होण्याची. म्हणून तपासणीच्या टेबलावर वृद्ध शेतकऱ्याला दोन प्रश्न विचारले जातात: लहानपणी कालव्यात उतरत होता का, आणि इंजेक्शने घेतली होती का. एका विशिष्ट पिढीत दोन्हींचे उत्तर बहुधा ‘हो’ असेच येते.