थंडीत मंदावणारी नळी

निफाड तालुक्यात गारठ्याने द्राक्षमणी तडकतात, हे सगळ्यांना ठाऊक. त्याच गारठ्याने स्कॅनरही अडून बसायचे, हे आम्हा सायखेड्याच्या झेरॉक्स-डीटीपीवाल्यांनाच माहीत. जानेवारीत तापमान पाच अंशांखाली गेलं की सकाळचा पहिलाच सातबारा काळपट निघायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "भाऊ, मशिन गेलं वाटतं तुमचं."

गेलेलं नसायचं. २००० च्या आसपासच्या बऱ्याच फ्लॅटबेड स्कॅनरांत काचेखाली दोन-तीन मिलिमीटर जाडीची नळी असे, कोल्ड कॅथोडची. आत तापणारी तार नाही. जॉर्ज क्लोदने १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात निऑनचे दिवे लावले, त्याच घराण्यातली. हिच्यात मात्र पाऱ्याची वाफ. तिचे अतिनील किरण आतल्या लेपावर पडले की पांढरा उजेड. थंडीत वाफच कमी, मग उजेड कुठून? स्कॅनर आधी स्वतःच्या पांढऱ्या पट्टीवर उजेड तपासतो. तो पुरला नाही की अडतो. इलाज एकच, थोडा वेळ चालू ठेवून तापू द्यायचा. दुरुस्तीला आलेल्या स्कॅनरसाठी त्याचे पैसे कसे मागणार?

खरा बिघाड वेगळा दिसे. टोकं काळी आणि उजेड गुलाबी, तर नळी संपली. नळी स्वच्छ असूनही लुकलुकते, तर संशय इन्व्हर्टरवर, नाहीतर पुढेमागे वाकून तुटलेल्या पट्टी-वायरवर. नळी पेटवायला हा इन्व्हर्टर हजाराच्या आसपास व्होल्ट देतो. वायरीजवळ टेस्टर नुसता धरला तरी त्यातला दिवा लागे. लागला की इन्व्हर्टर जिवंत.

नवी नळी सुटी मिळायची नाही. सर्व्हिस सेंटरवाले नव्या स्कॅनरचाच भाव सांगत. म्हणून मेलेले स्कॅनर जपायचे आणि एकाची नळी दुसऱ्याला. टोकाची रबरी टोपी ब्लेडने चिरायची, डाग झटकन सोडवायचा; सोल्डरिंग गन रेंगाळली की काच तडकलीच. फुटली तर खिडक्या उघडून तुकडे पुठ्ठ्याने गोळा करायचे. झाडू मारायचा नाही, पारा पसरतो.

मग एलईडीचे स्कॅनर आले. त्यांना निफाडची थंडी बाधत नाही. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरी बाजारपेठेत शिरली, तेव्हा खालच्या फळीवरचे माझे सगळे मेलेले स्कॅनर गाळात गेले. भंगारवाल्याला आत पारा आहे म्हणून बजावलं, तर त्याने नळ्या मलाच काढायला लावल्या आणि वर किलोमागे भावही पाडला.