लंडनच्या तळघरांतील पाणी

सॅम्युएल पीप्स याची रोजनिशी इंग्रजी वाङ्मयाच्या वाचकांस परिचित आहे. आरमाराच्या कचेरींतील हा अधिकारी सीदिंग लेनमधील सरकारी घरांत राहत असे. १६६० सालच्या २० ऑक्टोबर रोजीं नवी खिडकी कोठें पाडावी हें पाहण्यासाठीं तो आपल्या तळघरांत उतरला, आणि त्याचें पाऊल थेट विष्ठेच्या ढिगांत पडलें. शेजाऱ्याचा शौचकूप तुडुंब भरून भिंतीपलीकडून त्याच्या घरांत उतरला होता! त्याच दिवशीं ऑल्डर्सगेट वेशीवर टांगलेले राजद्रोह्यांचे अवयवही त्यानें पाहिले. परंतु तळघराची हकीकत लिहितांना त्याची लेखणी अधिक हळहळते, असें आम्हांस वाटतें. तथापि एक गोष्ट त्याच्या बाजूची होती. घाण कोणाची, हें त्यास ठाऊक होतें. शेजाऱ्यास गांठावें, कुंड उपसून घ्यावें, कीं प्रकरण मिटलें. पुढें दोनशें वर्षांनीं लंडनच्या रहिवाशांस हें भाग्यही उरलें नाहीं.

आपल्याकडे तळघर म्हटलें कीं जुन्या वाड्यांतील बळद, पेंव किंवा पुरलेल्या धनाच्या गोष्टी आठवतात. लंडनचें तळघर हें निराळें प्रकरण आहे. अठराव्या शतकांत तेथें एकास एक लागून घरांच्या ज्या ओळी उठल्या, त्यांचा पाया खणतांना निघालेली माती पुढच्या रस्त्यावर पसरून रस्ताच उंच करण्याची वहिवाट होती. त्यामुळें रस्त्यावरून पाहतां जो मजला जमिनींत गाडल्यासारखा दिसतो, तो मागील परसाच्या बाजूनें पुष्कळदां जमिनीशीं समपातळींत असे. या मजल्यावर स्वयंपाकघर, भांडीं घासण्याची मोरी आणि फुटपाथाखालीं कोळशाची कोठी. मालक वर राहत. स्वयंपाकीण आणि मोलकरणी यांचा दिवस खालीं जाई, आणि कित्येकांची रात्रही. तळघरांत पाणी शिरलें म्हणजे प्रथम कोणाचे पाय भिजत, हें निराळें सांगावयास नको.

१८१५ पूर्वीं घरांतील मैला सार्वजनिक गटारांत सोडणें हा गुन्हा होता. गटारें होतीं तीं पावसाच्या पाण्यासाठीं. १८१५ सालीं तशी परवानगी मिळाली आणि १८४७ सालीं घराची मोरी गटारास जोडणें हें सक्तीचें झालें. एडविन चॅडविक आदि आरोग्यसुधारकांनीं या कामीं उत्साहाची शर्थ केली. त्यानंतरच्या सुमारें सहा वर्षांत तीस हजार मैलाकुंडें बुजविण्यांत आलीं. सुधारणा खरी होती, यांत संशय नाहीं. घराखालीं वर्षानुवर्षें सांचलेली घाण गेली. परंतु जो नळ घाण नेतो तो ती आणूंही शकतो, हें या सुधारकांच्या पुरतें ध्यानांत आलेलें दिसत नाहीं.

तें कसें, हें थोडें विस्तारानें पाहिलें पाहिजे. लंडनच्या सखल भागांतील गटारें टेम्स नदीस ओहोटीच्या पातळीवर मिळत. भरतीचें पाणी उलट आंत शिरूं नये म्हणून त्यांच्या मुखांशीं झडपा असत. नदी चढूं लागली कीं झडप मिटे, आणि पुढील कित्येक तास शहराचें सांडपाणी गटारांतच कोंडून राही. अशा वेळीं मोठा पाऊस आला तर कोंडलेल्या पाण्यास जागा कोठें? पाणी आपली पातळी शोधतें. आणि गटारास जोडलेल्या शेकडों घरांत जें तोंड सर्वांत सखल, तेथून तें वर येतें. हें तोंड म्हणजे तळघरांतील मोरी. इंजिनियर जोसेफ बॅझलजेट यानें १८६५ सालीं आपल्या कामाचा जो वृत्तांत सादर केला, त्यांत भरतीच्या वेळीं घरांच्या मोऱ्यांतून पाणी चढून तळघरें बुडत, हें स्पष्ट नमूद केलेलें आहे. मुंबईकर वाचकांस यांत नवल वाटणार नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हां समुद्राच्या भरतीनें नाल्यांचीं मुखें अशींच रोखून धरलीं होतीं.

१८५८ च्या उन्हाळ्यांत टेम्सची दुर्गंधी पार्लमेंटच्या दालनांत शिरली, आणि वर्षानुवर्षें रेंगाळलेला प्रश्न कांहीं आठवड्यांत निकालांत निघाला. सभासदांचीं नाकें मोलकरणींच्या पायांहून प्रभावी ठरलीं, एवढेंच येथें म्हणतों. बॅझलजेटनें नदीस समांतर अशीं सुमारें ८२ मैलांचीं मोठीं गटारें बांधलीं. सखल भागांतील पाणी शहराच्या पूर्वेस नेऊन यंत्रानें उचलावयाचें, अशी योजना होती. ॲबी मिल्स येथें तें सुमारें ३६ फूट वर चढविलें जाई. काम खरोखर अचाट होतें, आणि त्यांतील पुष्कळसा भाग आजही चालू आहे. परंतु त्यानें पावसाचा जो हिशेब धरला तो दिवसाकाठीं पाव इंचाचा. त्याहून अधिक पडेल तें जुन्या गटारांवाटे नदींत सोडून द्यावयाचें. याचा अर्थ असा कीं वळवाची मोठी सर आणि भरती एकाच वेळीं आली कीं तळघराची जुनी अडचण पुन्हां उभी राही.

याच तळघरांवर पुढें दुसऱ्याच वाटेनें घाला आला. १९२७ च्या नाताळांतील बर्फ वितळलें, त्यांत पावसाची भर पडली, आणि ६ जानेवारी १९२८ च्या रात्रीं समुद्राचें उधाण टेम्समधून वर चढलें. मध्यरात्रीनंतर मिलबँक येथें काठाची भिंत खचली. चौदा माणसें बुडून मेलीं. त्यांतील बहुतेक तळघरांत झोंपलेलीं होतीं, आणि एकाच घरांतील चार बहिणी त्यांत होत्या. जवळच्या टेट चित्रशाळेच्या तळमजल्यावरील चित्रांची वर्तमानपत्रांतून फार काळजी वाहिली गेली. हें पाणी मोरीचें नव्हे, नदीचें. यास झडप पुरत नाहीं, तट लागतो. पुढें १९८२ सालीं टेम्सवरील मोठे दरवाजे कामास लागले ते अशाच उधाणांसाठीं.

मोरीच्या पाण्यास मात्र घराशींच अडविलें पाहिजे. सर्वांत सोपा उपाय म्हणजे घराच्या नळांत एकाच दिशेनें उघडणारी झडप बसविणें. बाहेरचें पाणी उलटलें कीं ती मिटते. परंतु येथेंच पुष्कळ घरमालक फसले. झडप मिटली म्हणजे बाहेरचें आंत येत नाहीं, तसें आंतलेंही बाहेर जात नाहीं. अशा वेळीं वरच्या मजल्यावर कोणी स्नान केलें तर तें पाणी मिटलेल्या झडपेशीं अडून तळघरांतच वर येतें, आणि मनुष्य स्वतःच्याच साबणाच्या पाण्यांत उभा राहतो! म्हणून जाणते कारागीर वरच्या मजल्यांचा नळ स्वतंत्र ठेवून झडपेच्या पलीकडे गटारास मिळवितात, आणि केवळ तळघराचें पाणी झडपेमागें ठेवतात. याहून पक्का उपाय म्हणजे तळघराचें पाणी एका कुंडींत घेऊन पंपानें रस्त्याच्या पातळीवर उचलावयाचें आणि मग गटारांत सोडावयाचें. बॅझलजेटनें ॲबी मिल्सला जें केलें, तेंच हें एका घरापुरतें.

पश्चिम लंडनमध्यें काउंटर्स क्रीक नांवाचा ओढा पूर्वीं वाहत असे. तो गाडून त्याचें गटार झालें. त्या परिसरांतील घरांपुढल्या बागा मोटारी उभ्या करण्यासाठीं फरसबंद झाल्या, जमिनींत मुरणारें पाणी गटारांत जाऊं लागलें, आणि २० जुलै २००७ रोजीं एका मुसळधार सरींत शेंकडों तळघरें मैलापाण्यानें भरलीं. १२ जुलै २०२१ रोजीं केन्सिंग्टन व नॉटिंग हिल येथें तोच प्रकार. गमतीची गोष्ट अशी कीं, जेथें पूर्वीं मोलकरणी राहत तीं तळघरें आतां लाखों पौंडांचीं बिऱ्हाडें झालीं आहेत. त्यामुळें ओरड मोठी झाली आणि तिची दखलही घेतली गेली. गटारांची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीनें कित्येक घरांपुढील अंगणांत झडप आणि पंप असलेल्या लहान कुंड्या बसवून दिल्या. २०२५ मध्यें पूर्णपणें जोडलेला सुमारें २५ किलोमीटरांचा नवा भुयारी बोगदा मुख्यतः नदींत जाणारी घाण अडवितो. रस्त्यांतील गटार सरीच्या ऐन जोरांत तुंबलें तर त्याच्या भरंवशावर तळघर कोरडें राहील, असें मात्र नाहीं.

या कुंड्यांचा पंप विजेवर चालतो, आणि ज्या वादळांत गटार तुंबतें त्याच वादळांत वीजही जाण्याचा संभव असतो. म्हणून शहाणे लोक जोडीस विद्युत्घट ठेवतात आणि पाणी चढल्याची वर्दी देणारी घंटा घरांत लावतात. झडपेची तपासणी याहून क्षुल्लक आणि याहून दुर्लक्षित. तिच्या कडेशीं थिजलेली चरबी किंवा एखादें चिंधूक अडकलें तर ती बोटभर उघडी राहते. कोरड्या दिवसांत यामुळें कांहींच बिघडत नाहीं. पाणी नेहमींप्रमाणें बाहेर जात राहतें आणि घरांत कोणास तिची आठवणही होत नाहीं.